मुलगा बघून झाला, गाव बाकी

ललितने शुभांगीवर पहिल्यांदा पाणी शिंपडलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, हवेत सहा अंश थंडी होती आणि दोघांची ओळख नव्हती.

त्याचा हेतू वाईट नव्हता. हेतूच नव्हता. मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या घरातला पोरगा. सहावीपासून रोज पहाटे फूलबाजारात टोपल्यांवर पाणी मारायचं काम त्याच्याकडे. नाशिक दर्शनच्या बसमध्ये पुढच्या सीटवर शेवंतीची वेणी दिसली, कडेची दोन फुलं मान टाकत होती, हातात पाण्याची बाटली होती... आणि हात आपोआप गेला.

वेणीची मालकीण सावकाश वळली. एक थेंब तिच्या कानामागून स्वेटरच्या आत चालला होता आणि तिचं सगळं लक्ष त्याच्या प्रवासाकडे होतं.

“नाशकात पाहुण्यांचं स्वागत असंच करतात का?”

“नाही... फुलं सुकत होती.”

“आणि मी?”

“तुम्ही — तुम्ही ताज्या आहात.”

हे बोलून झाल्यावर ललितला बसमधून उतरून थेट गोदावरीत जाऊन उभं राहावंसं वाटलं. तिच्या शेजारी तिची आत्या धोंडाबाई शालीत बसली होती. तिने शालीतून फक्त नाक बाहेर काढलं, “भलती थंडी शे माय!” असं जाहीर केलं आणि नाक परत आत नेलं.

विषय बदलायला ललितने घाईघाईने एक फॉर्म पुढे केला; तळाच्या पट्टीवर त्याचा स्वतःचा पत्ता होता. त्याचं बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय भूगोल. प्रकल्पासाठी तीस पर्यटकांकडून फॉर्म भरून घ्यायचे होते, म्हणून तर जन्मापासून नाशकात राहणारा हा गृहस्थ आज तिकीट काढून नाशिक बघायला निघाला होता.

तिने मांडीवर पर्स ठेवून लिहायला घेतलं. नाव शुभांगी, गाव सटाणा. ‘भेटीचा उद्देश’ या प्रश्नाखाली देवदर्शन, व्यापार, नातेवाईक, इतर असे चार पर्याय होते. तिने ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं — गाव तपासणे.

“म्हणजे?”

“इथल्याच सातपूरचं एक स्थळ आलंय. मुलगा घरी येऊन बघून गेला, मीही त्याला बघितलं. मग मी अप्पांना म्हटलं, मुलगा बघून झाला, पण चाळीस वर्षं जिथे राहायचं ते गाव कोण बघणार? अप्पा म्हणाले, एक दिवस जाऊन ये. संध्याकाळी पाचला स्टँडवरून फोन करून हो की नाही ते सांगायचं.”

“मुलगा... कसा आहे?”

“ठीक आहे. मी विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? तर म्हणाला, कंपनी.”

ती हसली. हसताना वेणीतलं एक फूल हललं, आणि ललितच्या छातीत टोपलीच्या टोपली उपडी झाली.

‘पुन्हा याल का?’ हा शेवटचा प्रश्न तिने रिकामा ठेवला. “हा संध्याकाळी,” म्हणाली आणि फॉर्म पर्समध्ये ठेवला.

काळारामाच्या देवळात पोचेपर्यंत ललितच्या लक्षात आलं की आपण फार वाईट अडकलोय. हिला गाव आवडलं तर ही सातपूरला नांदायला येणार. नाही आवडलं तर सटाण्याला जाणार आणि पुन्हा नाशकाचं तोंड बघणार नाही. त्यामुळे तो एकाच वाक्यात गाव चढवायला आणि उतरवायला लागला.

“इथली हवा फार छान. म्हणजे सर्दी होते. पण छान सर्दी.”

“बरं.”

“ही गंगा, म्हणजे आमची गोदावरी. वास येतो थोडा. पण संध्याकाळी लोक दिवे सोडतात ना, तेव्हा —”

“तेव्हा?”

“तेव्हा वास कळत नाही.”

सीता गुंफेत माणसाला उभं राहता येत नाही. बसून, गुडघे पोटाशी घेऊन सरकावं लागतं. आत्या बाहेर चपलांची राखण करत थांबली. पुढे शुभांगी, मागे ललित, दोघं बदकासारखे सरकत होते.

“काही विचारायचंय का?” अंधारातून तिचा आवाज आला. “मघापासून धापा टाकताय.”

ललितला बरंच काही विचारायचं होतं. तोंडातून निघालं, “इथल्या सोयीसुविधा... कशा वाटल्या?”

“ऐसपैस आहेत,” ती म्हणाली.

दुपारी पांडवलेणीच्या पायथ्याशी आत्याने वर बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं, मग पेरूवालीकडे बघितलं आणि पेरूवालीशेजारी बसकण मारली. हे दोघं वर गेले. ललित दर दहा पायऱ्यांनी घड्याळ बघत होता. पावणेतीन. पावणेतीनच. तीनला दहा कमी...

वर गार वारा होता. खाली सगळं शहर उन्हात वाळत घातल्यासारखं पसरलेलं.

“तुमचं घर कुठे?”

“त्या तिकडे, पार पलीकडे. इथून दिसत नाही.” तो थांबला. मग त्याला गाव चढवायचं की उतरवायचं तेच आठवेना. “पहाटे बाजारात झेंडूच्या टोपल्या उघडतो ना आम्ही, तेव्हा थंडीत फुलांतून वाफ निघते. शहर झोपलेलं असतं... आणि तिथे सगळं पिवळं. हे काही बसवाले दाखवत नाहीत.”

त्याने दाखवलेल्या दिशेला तिने मान वळवून बघितलं.

“दिवसभरात पहिल्यांदा,” ती म्हणाली, “तुम्ही ‘पण’ न लावता बोललात.”

पाच वाजता ती स्टँडवरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. ललित बाहेर उभा राहिला. पळून जावं असंही वाटत होतं आणि काचेला कान लावावा असंही. कान लावायची गरज पडली नाही. सटाण्याला फोन न लावताही ऐकू गेलं असतं, अशा आवाजात ती बोलत होती.

“अप्पा! गाव पसंत शे!... हां!”

ललितने डोळे मिटले.

“नाही, पोऱ्या नको!... गाव हो, पोऱ्या नको!... अप्पा, चाळीस वर्षं मी कंपनी बघत बसू का?”

त्याने डोळे उघडले. शेजारी आत्या त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होती. शेवटी तिने पिशवीतून एक पेरू काढून त्याच्या हातात ठेवला.

साडेपाचची गाडी सुरू झाली आणि खिडकीतून फॉर्म बाहेर आला. तो घेऊन ललित चालता चालता वाचत होता. पुन्हा याल का? — हो. पुढे उद्देश — नातेवाईक. फॉर्मच्या तळाची, त्याच्या पत्त्याची पट्टी फाडून घेतलेली होती.

“अहो!” तो पळायला लागला. “तुमचे इथे नातेवाईक कोण?”

“आज कोणी नाही!” ती खिडकीतून ओरडली. “पण प्रश्न पुन्हाचा होता ना!”

आणि तिने आत्याच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन, पळणाऱ्या ललितच्या तोंडावर सपकन मारलं.

“सुकू नका,” ती म्हणाली, “मी येईपर्यंत!”