पडद्यापलीकडचा होकार

पायाची पट्टी बदलायला म्हणून मंगळवारी गेलो, तर त्यांनी ठेवूनच घेतलं. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात इस्पितळ एकच, त्यामुळे माजलेलं. अंगठा काळा पडला होता. म्हणाले, गुडघ्याखाली कापू. मी म्हणालो, नाही. चाळीस वर्षं खाणीत याच पायावर उभा राहिलो. मरेन तर दोन्ही पायांनिशी.

शेजारच्या खाटेवर डेल्मर प्रुइट, पोस्टातला म्हातारा कारकून. सारखी पुदिन्याची गोळी चघळायचा आणि कुणी काहीही विचारलं की "हो" म्हणायचा. त्याचाही पाय कापायचा होता, पण पायाचा फोटो काढायला नेतायत अशी त्याची समजूत. "हो" म्हणाला, सही ठोकली. त्याला काय समजलंय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. बुधवारी ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. आणि मी नाही म्हणालो, तर माझ्याकडे डोक्याचा डॉक्टर धाडला.

गुरुवारी जेवणानंतर आला तो. केसलर नाव. मिशीसुद्धा धड फुटली नव्हती.

"आजोबा, आज वार कोणता?"

"गुरुवार. आणि मी तुझा आजोबा नाही."

"पाय नाही कापला तर काय होईल?"

"मरेन. कापला तर जगेनही कदाचित. मला कळतंय. तुला 'नाही' कळतं का?"

तो मान खाली घालून लिहीत बसला. छतातल्या हवेच्या यंत्राची घरघर थांबली. मधल्या पडद्यामागची डेल्मरची खाट कालच रिकामी करून धुतलेली, तरी तिकडून पुदिन्याचा वास आला... गार, ओलसर.

"शेवटचं विचारतो. पाय कापायला तुमची संमती आहे?"

मी तोंड उघडायच्या आत पडद्यामागून आलं, "हो..."

आवाज माझा होता.

"मी नाही बोललो," मी म्हणालो. मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"हो... कापा..."

केसलरचा चेहरा उजळला. "छान. अगदी शहाणे आहात तुम्ही." वही मिटली. हो ऐकलं की या लोकांचे कान बंद होतात. मी पडदा ओढला. खाटेवर कुणी नव्हतं, पण गादी मधोमध दबलेली होती. मी नाही नाही म्हणत राहिलो. नर्स सुई घेऊन आली. "ऐन वेळी सगळेच घाबरतात, काका."

पाय गेला. मग संमतीचा कागद मागून पाहिला. माझं नाव मी लिहितो ते वाकड्या, सुट्या अक्षरांत. कागदावरची सही वळणदार, एकटाकी, पोस्टातल्या माणसाची. केसलरला दाखवली, तर म्हणतो, "सुंदर अक्षर आहे." गाढव.

आता मुलीकडे असतो, ट्वायलाकडे. आज सकाळी ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"बाबा, वृद्धाश्रमात तुमचं नाव घालू का?"

मी दात घट्ट आवळले.

"बरं झालं, लगेच तयार झालात," ती म्हणाली. मग वळून हवा हुंगली. "पुदिन्याची गोळी कधीपासून खायला लागलात?"