शेऱ्याचा रकाना

प्रियदर्शनी वानखडेला अमरावतीला डेटा सायन्सच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला आणि वर प्रेमही झालं. यातलं काहीच झालेलं नाही असं समजा. नाहीतर पुढं वाचणार कोण?

तर, जून महिना. प्रेमकथेला पाऊस लागतो, पण अकोल्यात तो आलाच नव्हता. जठारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात कूलर होता. तोंडावर तुषार उडवायचं काम त्यानं पाहिलं. खेड्यातल्या शाळेची गणिताची मॅडम प्रियदर्शनी तिथल्या कॉम्प्युटरवर प्रवेशअर्ज भरत होती. मुदत आज पाचची. शेवटचा प्रश्न: 'शिक्षकी पेशा सोडून हे क्षेत्र का निवडता?' नऊ वर्षं सरकारी तक्ते भरलेल्या बोटांनी सवयीनं टाइप केलं — निरंक.

शेजारचा तरुण फिसकन हसला.

"मॅडम, कारणच नाही तं चालल्या काहून?"

"तुमी दुसऱ्याच्या अर्जात काहून डोकावून राहिले?"

"सवय हाय. मी धम्मदीप. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात ऑपरेटर. शाळाइचे तक्ते मीच गोळा करतो." मग त्यानं अर्जावरचं नाव वाचलं… आणि उठून उभाच राहिला. "बुधवारवाल्या मॅडम तुमीच?"

तिचे कान तापले. तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात तालुक्यातले सगळे गुरुजी 'निरंक' लिहीत. तिनं मात्र एकदा लिहिलं होतं: 'बुधवारी मुली येत नाहीत. गावचा बाजार असतो. आया बाजारात, मुली धाकट्या भावंडांपाशी. अपूर्णांक बुधवारी शिकवू नयेत.' वर्षभर उत्तराची वाट पाहिली. मग तीही निरंकवर आली.

"तो शेरा वाचला कोनी?"

"मी. सतरा वेळा."

"सतरा?"

"पयल्यांदा काम म्हनून. बाकी सोळा वेळा —" तो कूलरकडे बघायला लागला. "मंग पोरीइचं काय झालं?"

"अपूर्णांक गुरुवारी घेतले. अकरातल्या नऊ पास."

"हेच लिहा ना मंग!"

"एका शाळेचा एक बुधवार. याले कारण म्हनतात का?"

"तालुक्यात एकशेबारा शाळा हायेत, मॅडम. कोनाचा सोमवार असंन, कोनाचा शनिवार. सारे आकडे पडून हायेत. मले तं फक्त बेरीज येते."

प्रियदर्शनीनं 'निरंक' खोडलं. बोटं क्षणभर थबकली. मग थांबलीच नाहीत. 'नऊ वर्षं मी आकडे भरले. आता मला ते वाचायचे आहेत. मुली कोणत्या वारी शाळेतून गायब होतात, ते प्रत्येक गावाचं शोधायचं आहे.'

चार बावन्नला अर्ज गेला.

"दोन वर्षं अमरावती," ती म्हणाली. "बिनपगारी रजा. मुख्याध्यापक म्हनतात, डोकं फिरलं."

"मी तं थांबा म्हननार होतो," धम्मदीप हळूच म्हणाला. "मले तुमी… म्हनजे, सतरा वेळा कोनी उगाच वाचत नाही. पन थांबल्या असत्या, तं मले आवडल्या त्या मॅडम कुठं राहिल्या असत्या?"

"थांबले नसतेच." तिनं ओढणीनं तोंडावरचे तुषार पुसले, हसू तेवढं राहू दिलं. "वर्ग सुरू झाले की रविवारी अमरावतीले ये. तक्ते नको आनू."

'या'चं 'ये' झालेलं ऐकून धम्मदीपनं नवऱ्या मुलाच्या ऐटीत तिच्या कॉम्प्युटरचेही पैसे देऊन टाकले.

जुलैत तिचा वर्ग सुरू झाला. रविवार आठवड्यातून एकच निघतो आणि मधला रस्ता काही कमी होत नाही. सबब, सक्षम प्राधिकाऱ्यांस नम्र विनंती की, अकोला शहर आहे त्या स्थितीत, रहिवाशांसह उचलून, अमरावतीलगतच्या बडनेऱ्याच्या अलीकडे ठेवण्यात यावे.