धुण्याच्या दगडाची दुसरी बाजू

"ताई, ती बघ! परत फुलं ठेवतेय!" तुल्लिओ कुजबुजला.

१९७५ सालच्या उन्हाळ्यात इटलीतल्या त्या डोंगरगावच्या चौकात संत रोकोची जत्रा भरली होती. तांब्याच्या भल्यामोठ्या कढईत मक्याच्या पिठाची पोलेंता रटरटत होती आणि ती ढवळता ढवळता गावातल्या पुरुषांच्या नाकी नऊ आले होते. पण नीवेस, तिचा धाकटा भाऊ तुल्लिओ आणि सुट्टीला मिलानहून आलेला मामेभाऊ फाबिओ यांचं लक्ष होतं धुण्याच्या हौदाकडे. साठीची ओतिलिया आजी दर जत्रेला तिथल्या कपडे घासायच्या दगडावर रानफुलं ठेवायची. यंदा ती चक्क रडत होती.

"हुतात्म्यांचं स्मारक समोर असताना फुलं धुण्याच्या दगडाला?" फाबिओ हसला. "तुम्ही डोंगरातली माणसं वेडीच!"

"वेडा असशील तू!" नीवेस उसळली. "जेवणं झाली की सरपंच हा हौद फोडणार आहेत. मोटारी उभ्या करायला! म्हणून रडतेय ती."

"एका दगडासाठी?"

तेवढ्यात तुल्लिओ दगडाखाली रांगत शिरलासुद्धा! आतून त्याचा आवाज आला, "इथे खाचा आहेत! अक्षरं वाटताहेत!"

पण खाली मिट्ट काळोख, काही वाचता येईना. नीवेसला युक्ती सुचली. पाटावर ओतलेली पोलेंता आता घट्ट झाली होती. तिचा जाडसा तुकडा तिने खालून दगडावर दाबला आणि अलगद काढला. अक्षरं वर उठून आली, पण उलटी! जत्रेला आलेल्या मावशीच्या पर्समधल्या आरशात ती सुलटी झाली: 'चेलेस्तीनो, गॅलिसिया, १९१४.'

"चूक आहे हे!" फाबिओ म्हणाला. "इटली पहिल्या महायुद्धात उतरली १९१५ साली. आणि गॅलिसिया पार रशियाच्या बाजूला! आपलं सैन्य तिथे कशाला जाईल?"

"चेलेस्तीनो..." तुल्लिओ पुटपुटला. "ओतिलिया आजीला सगळे 'चेलेस्तीनोची ओतिलिया' म्हणतात!"

म्हणजे तिचे बाबा! पण मग ते लढले कुणाकडून?

विचार करायला वेळ नव्हता. सरपंच बोनाल्दो गवंड्याला घेऊन येत होते. नीवेसने जेवणाच्या टेबलांवरची खरकटी कापडं ओढली. तिघांनी ती धावत नेऊन दगडावर पसरली आणि साबण चोळायला सुरुवात केली.

"बाजूला व्हा रे पोरांनो!"

"नाही होणार! हौदाचा जुना नियम आहे, ज्याचं धुणं दगडावर, त्याचा दगड! पिळून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

"नियम म्हणजे नियम, सरपंच!" जमलेल्या बायका हसत ओरडल्या. गवंड्याने हातोडा खाली ठेवला.

नीवेसने पोलेंताचा तुकडा आजीपुढे धरला. "आजी, हे तुझे बाबा ना?"

ओतिलिया आजीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तेव्हा हे गाव ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं होतं," ती म्हणाली. "बोलावणं आलं, बाबा गेले. मी आईच्या पोटात होते. युद्ध संपलं नि आम्ही इटलीचे झालो. गेलेल्यांसाठी बायकांनी हा दगड उभारला. पुढे काळ्या सदऱ्यावाल्या फॅसिस्टांचं राज्य आलं. म्हणाले, शत्रूच्या शिपायांची नावं फोडून टाका! बायकांनी गुपचूप दगड पालथा घालून इथे बसवला. धुण्याच्या निमित्ताने रोज आपल्या माणसांपाशी यायचं. त्या येणाऱ्यांतली आता मी एकटीच उरले."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"शत्रूची लेक म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल, बाळा? मीही इटालियनच आहे."

फाबिओ खाली बघत राहिला. युद्धाचा धडा आला की 'आपण जिंकलो!' असं तो वर्गात किती जोरात ओरडायचा! त्या 'आपण'मध्ये ओतिलिया आजी कधी आलीच नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

हे सगळं ऐकून सरपंच स्वतः पहार घेऊन दगडाला भिडले. दगड सुलटा झाला. नावांच्या ओळीत सरपंचांच्याच घराण्यातला एक बोनाल्दोही निघाला, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आमचा जन्म गेला या हौदाशी, पण वाकून बघितलं ते या पोरांनी," ते म्हणाले. "शाबास! हा दगड आता स्मारकाशेजारी उभा राहील."

"त्या स्मारकावर 'मातृभूमीसाठी' असं लिहिलंय," फाबिओने हळूच विचारलं. "यावर काय लिहायचं?"

"काही नको. नावं पुरेत," आजी म्हणाली.

मग तिने बाह्या सारल्या, ब्रश घेतला आणि चेलेस्तीनोच्या नावातलं शेवाळ घासायला लागली. फाबिओ धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आला.