कंदिलाच्या काचेतले वाल

“वाल पोरांना दावाचे कशाला? वाल खायाचे असतात!” ठकूबाई कुडापलीकडे पुटपुटली. कूड कारवीच्या काड्यांचा, त्यामुळे आवडीला शब्दन् शब्द ऐकू आला. तो ऐकू जावा, हाच सासूबाईंचाही बेत असावा.

कापडे गावात भातकापणी चालू होती. बायका शेतात, आणि गुरांमागे जायच्या वयाची न झालेली पोरं देवळाच्या पडवीत, आवडीच्या हवाली. आवडी महाडला मामाकडे राहून थोडं शिकलेली. पोरं नुसती राखायचं तिला जमेना. तिने करवंट्यांत माती भरून त्यांच्याकडून वाल पेरून घेतले. “रोज बघायचं. काय होतं ते मला सांगायचं.”

कोंब वर आले त्याच सकाळी ती पाण्याला गेली. परत येते तो काय, करवंट्या रिकाम्या! पडवीखाली चिखल केलेला, त्यात वालाची रोपं ओळीनं खोचलेली, आणि चिखलात एक उंच पुरुष उभा, खांद्यावर चिमुरडी शकू.

“हे काय केलंत?”

“लावणी. पोरं म्हणाली, आवण मोठी झाली, आता उपटून लावाची. मी म्हटलं, बरोबर हाय.”

“अहो, भाताची आवण उपटतात! वालाची लावणी कुणी करतं का?”

त्याने माना टाकलेल्या रोपांकडे पाहिलं. “गिरणीत हे शिकवत नाय, वैनी.”

आवडीने पदर तोंडाशी धरला, पण हसू लपलं नाही. हा शकूचा काका, सयाजी. गिरणी बंद पडली म्हणून मुंबईहून आलेला.

दुसऱ्या दिवशी तो कंदिलाची काच घेऊन हजर. आत ओलं फडकं गुंडाळलं, फडकं आणि काच यांच्यामध्ये वाल सरकवले.

“आता उपटाया नको. मुळं इथूनच दिसतील.”

दिसली! पांढरी, सुतासारखी. पोरांची नाकं काचेला चिकटली. शकूने एकदा काच उलटी करून ठेवली, तर मूळ हळूच वळून पुन्हा खाली निघालं.

“त्याला कोण सांगतं गो, खाली कुठं ते?”

आवडीला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही याचीच तिला गंमत वाटली. “तुम्हाला माहीत आहे?” तिने सयाजीला विचारलं.

“नाय. माझे पाय रोज इकडंच का वळतात, तेही नाय माहीत.”

“पुतणीला पोचवायला.”

“पुतणी तर आता एकटी येते...”

काचेच्या पलीकडून त्याचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. ‘वैनी’ म्हणणं त्याने कधीचंच सोडलं होतं. तिच्या ते लक्षात आलं — आणि तिने ते त्याला सांगितलं नाही.

पण आवडीच्या कपाळी कुंकू होतं. नवरा हैबती बोटीवर खलाशी. बोट वादळात बुडाली, सोबतचा माणूस येऊन सांगून गेला, त्यालाही वर्षं लोटली. तरी ठकूबाई रोज लेकाचं ताट मांडायची. “येल माझा हैबती.” गाव मान हलवायचं. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरा संसार होतो, त्यात अवघड काही नाही. पण आधी तिला विधवा म्हणायला हवं. ठकूबाईसमोर ते म्हणायचं कुणी?

गिरणी सुरू झाल्याचा निरोप आला. सयाजी पडवीत आला तेव्हा ठकूबाईही तिथेच होती, सुनेला पेज घेऊन आलेली.

“उद्या निघतो.”

“बरं.”

“नुसतं बरं?”

“मला काय म्हणावंसं वाटतं ते तुम्हाला कळतं,” आवडी खाली बघत म्हणाली. “म्हणता येत नाही, तेही...”

मध्येच शकूने पदर ओढला. “काकी, हा एक वाल उगवला नाय. कधी उगवल?”

“उगवेल हं. वाट बघू आपण.”

“बघू कसला तो,” ठकूबाईने हात पुढे केला. वाल तिच्या चिमटीत पिचकला, घाण वास सुटला. “आतून गेलाय हा. कशाला सांगतेस पोरीला उगवल म्हणून?”

“तिला वाईट वाटेल, आत्याबाई.”

ठकूबाई सुनेकडे बघत राहिली. मग तिने बोटं लुगड्याला पुसली, पुन्हा पुसली.

“सयाजी, उद्या जाऊ नको. पाट लावून हिला संगं ने.”

इतकी वर्षं सासूसाठी सांभाळलेलं तेच आवडीच्या तोंडून निघालं, “पण आत्याबाई... ते आले म्हणजे?”

“नाय येत गो,” ठकूबाई म्हणाली. “माझा हैबती मेला.”