दोनदा ओढून बघायचं

पोरांनो, बसा. केस येईपर्यंत तुम्हा शिकाऊ डॉक्टरांना झोप नाही आणि या वयात मलाही नाही. एक गोष्ट ऐका. थाप वाटली तर वाटू दे. ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून मी ती ऐकली आहे, आणि शेवटचं तर या डोळ्यांनी पाहिलं आहे.

माणूस आमच्याच लॅबमधला. मुलांच्या हृदयातली जन्मजात भोकं बुजवायचा. छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नळी घालून. हात चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण डोक्यात हवा अशी शिरली होती की स्वर्ग दोन बोटं उरला होता. केस सुरू झाली की नर्सला घड्याळ लावायला सांगायचा आणि किती झटपट उरकली ते कँटीनभर ऐकवायचा. आम्ही त्याला 'शर्यतवाले' म्हणायचो. त्याला ते कौतुक वाटायचं!

आता तुम्ही लॅबमध्ये बघताच, भोकात जाळीची चकती बसवली तरी ती तारेच्या टोकाला स्क्रूने जोडलेलीच असते. स्क्रू फिरवण्याआधी तार हलके ओढून बघायची. एकदा, दोनदा. चकती जागची हलली नाही, तरच सोडायची. हा दीडशहाणा ओढायचाच नाही. म्हणायचा, "ओढून बघतात ते, ज्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा नसतो."

एकदा एक मुलगी आली. सहा वर्षांची. वडील शिंपी. आदल्या दिवशी वॉर्डात ह्याने रुबाबात तिला सांगितलं, "उद्या तुझ्या हृदयाला एक बटण लावणार बरं का."

पोरगी म्हणाली, "मग दोनदा ओढून बघणार ना काका? बाबा बघतात. नाहीतर गिऱ्हाइकाचं बटण तुटतं."

सगळे हसले. हाही हसला.

आणि दुसऱ्या दिवशी नाहीच ओढलं. चकती सुटली, रक्ताबरोबर वाहत गेली आणि पुढे अडकली. सर्जन धावत आला, छाती उघडली, पण पोर गेली. बाहेर शिंपी उभा होता. हातात तिचा फ्रॉक, त्यानेच शिवलेला. ह्याने सरळ काखा वर केल्या. "सर्जनच्या टेबलावर गेली," म्हणाला. पुढच्या रविवारी मोठ्या सभेत त्याचं भाषण होतं. विषय काय, तर 'एकही रुग्ण न गमावता'. त्या पोरीला त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. सांगा, असल्या माणसाला काय म्हणायचं?

भाषणाची आदली, शनिवारची रात्र. साडेअकरा वाजलेले. सभेत मिरवायचा पितळी बटणांचा कोट लॅबच्या कपाटात राहिला होता, म्हणून हे महाशय तो घ्यायला आले. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. कोट काढला, अंगात घातला, तिन्ही बटणं लावली, काचेत स्वतःला न्याहाळलं. ते काम मात्र त्याने कधी घाईत केलं नाही.

तेवढ्यात खालचं बटण ओढलं गेलं.

हलकेच. दोनदा.

कुठे अडकलं असेल, म्हणून त्याने खाली बघितलं. काही नव्हतं. मागे रुग्णाला झोपवायचं टेबल होतं. रिकामं.

मग मधलं बटण. दोनदा.

"कोण आहे?"

...

मग वरचं.

दोन्ही हातांनी त्याने कोट छातीशी आवळून धरला. तिन्ही बटणं हाताखाली. ओढायला काही उरलंच नव्हतं.

मग ओढ आली... आतून.

छातीच्या मधोमध. दोनदा. मग थांबली. कोणीतरी बघत होतं... पक्कं बसलंय का.

घड्याळ लावणारा तो वाघ मांजरासारखा रडला. टेबलावरचं एक्स-रेचं यंत्र चालू केलं. कसाबसा टेबलावर चढला. चित्र घ्यायला पायाने दाबायचं पेडल वर ओढून हाताने दाबलं. पडदा उजळला. त्याने मान वळवली...

पुढचं त्याने कधीच सांगितलं नाही. पहाटे तो वॉचमनला जिन्यात सापडला. कोट अंगातच. भाषणाला गेला नाही. नंतर पुन्हा नळीला हात लावला नाही. जनाची नाही, मनाची नाही, निदान भुताची तरी लाज वाटली, असं आम्ही म्हटलं.

काय विचारतोस? शिंप्याची माफी? छे! तेवढी छाती कुठली त्याला. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही.

खरं तर मला ते नाटकच वाटलं होतं. सभेत कोणी त्या पोरीचं विचारलं तर, म्हणून रचलेलं. सोमवारी मी यंत्रात शनिवारचं शेवटचं चित्र उघडलं. मोठ्या माणसाच्या बरगड्या. त्यांवर कोटाची तीन बटणं, ठसठशीत. आणि मागे, हृदयात, लहान मुलाच्या मापाची एक चकती.

ती सोडलेली नव्हती. तार अजून जोडलेलीच होती. खाली पोटाकडे गेलेली, चित्राच्या कडेबाहेर.

आणि ती तार सैल नव्हती, पोरांनो. ताणलेली होती.