मिठाच्या पाण्याच्या रेघा

दक्षिणेकडच्या अंबत्तूरमधल्या त्या लॅबमध्ये पट्ट्या वाचाव्यात त्या हरिणीनंच, असं चौदा वर्षं चाललं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटतं तो आजार, ओळखायचा तर पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे. आता नुसत्या रक्तावर भागेल अशी चाचणी आली होती, आणि ती चालवायला पुण्याहून नवी मुलगी, ऋजुता. पट्टीवर रेघा उमटल्या की आजार. पण पुसट रेघ दिसायला नजर लागते. सहा महिन्यांत लॅबचे प्रमुख डॉ. गुरुमूर्ती प्रत्येक पट्टी आधी ऋजुताकडे धाडू लागले. हरिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर ही बया 'अक्का, अक्का' करत तिच्याच डब्यातला चिंचभात खायची!

वाचणाऱ्याला पेशंटचं नाव कळू द्यायचं नाही, फक्त नंबर, हा तिथला नियम. हरिणीनं तेच हेरलं. एका नळीत रक्ताऐवजी निव्वळ मिठाचं पाणी भरलं, नंबर घातला ९१४, आणि खोटा फॉर्म भरला. जन्मतारीख चटकन सुचेना, म्हणून स्वतःचीच टाकली. पाण्याला कसला आलाय आजार? पण पुसट रेघा हुडकणारी ही काहीतरी दिसल्याचं सांगणारच. आता पडेल बाई तोंडघशी.

दुपारी ऋजुतानं पट्टी उजेडात धरली. "अक्का, ९१४ ला आजार आहे. तीन रेघा."

हरिणीला हसू आवरेना. "इकडं दे, मा," असं लाडानं म्हणत तिनं पट्टी ओढून घेतली.

रेघा होत्या. तीन.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार. दुसऱ्या दिवशी तिनं ९१४ साठी स्वतः पाणी भरलं, स्वतः पट्टी चालवली, कुणाला हात लावू दिला नाही. पाच रेघा.

तिसऱ्या दिवशी सात. सांगणार कुणाला? खोटा पेशंट तिनंच तर उभा केला होता.

चौथ्या दिवशी ऋजुतानं ९१४ ची नवी पट्टी आणून तिच्या हातात दिली. "अक्का, या पेशंटचं फार भरभर वाढतंय. बोलावून घ्या त्यांना. एका डोळ्यानं धूसर दिसतं का, तेवढं विचारा. पुष्कळांचा आधी डोळाच धरतो."

"सरी," हरिणीनं होकार भरला. "विचारते."

ऋजुता वळताच तिनं उजवा डोळा झाकला. पट्टीवर नऊ रेघा, स्वच्छ.

मग डावा झाकला.

पट्टी कोरी होती. पट्टी धरलेली बोटंही दिसत नव्हती.

ऋजुतानं मागं येऊन हळूच तिच्या हातातली पट्टी काढून घेतली.

"राहू द्या अक्का. यापुढं मीच वाचेन."