डायरेक्टरने केलेलं शेवटचं शूटिंग

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राचं तर नाहीच नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठरवून ठरवून थकलो.

मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. समोर जे असतं ते फिल्मवर उमटतं, जे नसतं ते उमटत नाही. साधं गणित. त्यामुळे भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी मीच हसायचो.

आता नाही हसत.

रविवारची दुपार होती. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, जवळपास स्मशानही नव्हतं. जागा म्हणजे बाजाराची बहुमजली पार्किंगची इमारत. रविवारी बाजार बंद, म्हणून इमारत रिकामी. गच्चीपासून खालच्या गेटपर्यंत गोल गोल उतरणारा सिमेंटचा उतार. आम्हा सायकलवाल्यांचं ते माहेरच.

आम्ही तिघे मित्र. मी, वेल्डर आणि डायरेक्टर.

डायरेक्टर खरं तर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पण कॅमेरा हातातून सुटायचा नाही, म्हणून ते नाव पडलं. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात कॅमेरा, आणि आमच्या शेजारून सायकल चालवत तो आमचं शूटिंग करायचा.

"खाली काय बघताय, पैसे सांडलेत का? पुढे बघा!" असं ओरडायचा.

आमच्या सायकली फिक्स गिअरच्या. म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. उतारावर पाय सोडून आरामात बसायची सोय नाही. ब्रेकही नाहीत, पेडल मागे रेटूनच वेग आवरायचा. आणि साध्या सायकलचा तो टकटक टकटक आवाज... तोही नाही. नुसती टायरची सरसर.

हिवाळ्यात डायरेक्टर गेला.

सायकलवरून पडून नाही. सगळ्यांना तेच वाटतं, आणि सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्याला न्यूमोनिया झाला. त्याच्या छातीचा एक्स-रे मीच काढला.

"काय दिसतंय रे?" त्याने विचारलं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो.

मला सगळं दिसलं होतं.

त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, त्याला कधी सायकल चालवताना पाहिलं नव्हतं. "बिनब्रेकच्या सायकलवर पोरगं बसलंय, हे माझ्याच्याने बघवत नाही," म्हणायच्या. तो दारातून निघाला की त्या आत निघून जायच्या. तो गेल्यावर मात्र त्यांनी एकच धोशा लावला.

"मला एकदा दाखवा रे. कसा चालवायचा तो?"

आम्ही सगळं धुंडाळलं. ढिगाने व्हिडिओ. त्यात मी आहे. वेल्डर आहे. डायरेक्टर कुठेच नाही. कुठे रस्त्यावर त्याची सावली, कुठे त्याचं ओरडणं. संपलं.

काकूंनी अन्नपाणी टाकल्यासारखं केलं. शेवटी त्याची ताई माझ्याकडे आली. हातात त्याचं पिवळं जाकीट होतं.

"वेल्डरची अंगकाठी त्याच्यासारखीच आहे," ती म्हणाली. "त्याला हे घालू दे, सायकलही त्याचीच घ्या, आणि तू मागून शूट कर. आईला मोतीबिंदू आहे. तिला काय कळतंय?"

"ताई, ही फसवणूक झाली."

"माहितीये मला. पण ती घासभर जेवत नाही रे."

मी जाकीट हातात घेतलं.

तर त्या रविवारी आम्ही दोघेच तिथे गेलो. वेल्डरने जाकीट घातलं. डायरेक्टरच्या सायकलवर बसला. मी त्याच्याच कॅमेऱ्याने पाठमोरं शूट केलं. ते पिवळं जाकीट वळणाआड गेलं, तरी मी कॅमेरा तिकडेच धरून होतो.

काम झालं. वेल्डरने ती सायकल गच्चीवरच्या खांबाला टेकवली. कॅमेरा मी तिच्याच हँडलला अडकवला.

"एक चक्कर मारू," वेल्डर म्हणाला. "त्याच्या नावाने."

आपापल्या सायकलींवर आम्ही उतार उतरायला लागलो. मी डावीकडे, तो उजवीकडे. मध्ये चांगली सायकलभर जागा. का सोडली कोण जाणे. आम्ही ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या वळणावर मला आवाज आला.

सरसर...

माझ्या टायरचा नाही. वेल्डरच्याही नाही. आमच्या मागून. मग आमच्या मधल्या जागेतून.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"घुमतोय आवाज. पुढे बघ," वेल्डर म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

मी पुढे बघितलं. गेटपर्यंत ती सरसर सोबत होती. गेट ओलांडून आम्ही रस्त्यावर आलो...

आणि ती थांबली.

इमारतीला वळसा घालून आम्ही पलीकडच्या चढाने पुन्हा गच्चीवर गेलो. सायकल खांबालाच टेकलेली होती. कॅमेरा हँडलला तसाच. फक्त त्याचा लाल दिवा चालू होता.

बंद करायचा राहिला असेल, मी मनाशी म्हटलं. सायकल उचलायला मागच्या चाकाला हात लावला.

टायर गरम होता.



तिथून थेट काकूंकडे गेलो. ताईने कॅमेरा टीव्हीला जोडला. पिवळं जाकीट उतारावर दिसलं. काकू पुढे सरकल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"हा वेल्डर आहे," त्या म्हणाल्या.

ताईने मान खाली घातली.

"नऊ महिने पोटात वागवलाय मी त्याला. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, पण त्याचे खांदे ओळखणार नाही का मी?"

वेल्डर तर जमिनीत गडप व्हायला बघत होता. बंद करायला मी उठलो, तेवढ्यात पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला.

तोच उतार. त्यावर दोन सायकली.

मी... आणि वेल्डर.

"कॅमेरा तर वर होता," वेल्डर पुटपुटला.

कुणीतरी आमच्या मागून येत होतं. मग ते आमच्या मधल्या जागेत आलं. पडद्यावर माझा चेहरा होता, अगदी हाताच्या अंतरावर. मी "ऐकलंस?" म्हणत होतो.



चित्र किंचित वरखाली होत होतं. एका हातात कॅमेरा धरून पेडल मारलं की होतं तसं. साधी सायकल चालवणारा उतारावर पाय थांबवतो, मग चित्र स्थिर होतं. इथे उतार वाढला तसं ते डुलणं वाढत गेलं. ते पाय एकदाही थांबले नाहीत.

"जित्याची खोड..." वेल्डरचा आवाज फुटला. "मेल्यावरही नाही गेली रे याची. आला, तेही आमचंच शूटिंग करायला."

तो हमसून हमसून रडायला लागला.

"गप्प बसा!" काकू म्हणाल्या. "ऐकू द्या."

त्यांनी कान टीव्हीला लावला. सरसरीच्या खाली श्वास ऐकू येत होता. सावकाश. मोकळा.

"दवाखान्यात नुसती घरघर होती," काकू म्हणाल्या. "आता छान चाललाय श्वास. दमला नाहीये तो."

व्हिडिओत गेट आलं. आम्ही दोघे बाहेर उन्हात गेलो. कॅमेरा गेटच्या आतच थांबला. बाहेर आलाच नाही. आम्ही लांब जात होतो, लहान लहान होत होतो, आणि तो नुसता बघत होता. आम्ही दिसेनासे झालो तरी बराच वेळ तसाच होता.

मग पडदा काळा झाला.

काकू माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही मागे वळून का नाही रे बघितलं?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

 

काकू आता जेवतात. ताईने तो व्हिडिओ त्यांच्या फोनवर टाकून दिलाय. उशाशी लावून झोपतात. वेल्डरने त्यानंतर त्या इमारतीत पाय ठेवला नाही.

मी मात्र दर रविवारी जातो. उतार उतरतो. गेटपाशी थांबतो आणि मागे वळून बघतो. कुणीच नसतं. "चल रे घरी," एवढं म्हणतो आणि बाहेर पडतो.

कधी ती सरसर सोबत असते. कधी नसते. नसली, की मी पुन्हा वर जातो आणि पुन्हा उतरतो.